‘जास्त ओव्हर करू नकोस’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

काही वर्षांपूर्वी एका परदेशी डिझायनरने आमच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ करून पाठवलं. चौकट, चौकटीत वेलबुट्टी, वेलबुट्टीला सोनेरी छटा आणि त्या सगळ्याला खाली सावली. मी घाईघाईत उत्तर लिहिलं, ‘नाइस, बट प्लीज डोन्ट डू इट ओव्हर.’ मला म्हणायचं होतं की छान आहे, पण अति करू नका. दोन दिवसांनी तेच मुखपृष्ठ जसंच्या तसं परत आलं, सोबत आभाराची एक ओळ. त्याने माझं वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं. अमेरिकन इंग्रजीत ‘डू ओव्हर’ म्हणजे पुन्हा करणं, आणि ‘पुन्हा करू नका’ असं मीच त्याला लिहून बसलो होतो. ब्रिटनच्या बोलीत तर एखाद्याला ‘डू ओव्हर’ करणं म्हणजे त्याला बदडून काढणं. माणूस तिकडचा नव्हता हे नशीब.

आपल्याकडे ‘ओव्हर’ आता इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. ‘फार ओव्हर करतोय तो’, ‘जरा ओव्हरच झालं’ असं आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. गंमत म्हणजे इंग्रजीत एकटा उभा असलेला ‘ओव्हर’ सहसा हा अर्थ देत नाही. ‘इट्स ओव्हर’ म्हणजे संपलं, खेळ खलास. अतिरेक दाखवायचा तर त्याला दुसऱ्या शब्दाच्या पुढ्यात जाऊन चिकटावं लागतं.

मराठीत ‘अति केलं’ एवढ्यावर भागतं, कारण उरलेलं आवाज आणि चेहरा सांगतो. इंग्रजी लिहिताना मात्र शब्द उचलतानाच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. नेमका कशाचा अतिरेक झाला, आणि तुम्ही तो करणाऱ्याला दोष देताय, त्याला हसताय की स्वतःची चूक कबूल करताय. हा निवाडा शब्दाच्या पोटातच असतो. म्हणून कोशात समानार्थी म्हणून शेजारी शेजारी बसलेले दहा शब्द वाक्यात एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मी लिहिताना ज्या क्रमाने विचार करतो, तो क्रम पुढे देतोय.

पायरी १: ‘खूप’ आहे की ‘नको इतकं’ आहे?

पहिला घोळ इथेच होतो. ‘व्हेरी’ म्हणजे खूप. ‘टू’ म्हणजे नको इतकं. हा ‘टू’ दोन ‘ओ’ असलेला, टी-ओ-ओ. ‘द बॉक्स इज व्हेरी हेवी’ म्हणजे खोकं जड आहे, पण उचलू आपण. ‘द बॉक्स इज टू हेवी’ म्हणजे उचलायचं नाव नको. ‘टू’ कानावर पडला की इंग्रजी ऐकणारा पुढच्या अडचणीची वाट पाहतो. म्हणूनच ‘टू हेवी टू लिफ्ट’ अशी जोडी जमते: इतकं जड की उचलता येत नाही. आता एखाद्याला कौतुकाने ‘युअर डॉटर इज टू इंटेलिजंट’ म्हटलंत, तर तो क्षणभर थबकतो. मुलगी हुशार आहे, मग बिघडलं कुठे?

चाचणी सोपी आहे. मराठी वाक्यात ‘खूप’च्या जागी ‘नको इतका’ घालून पाहा. ‘मुलगी नको इतकी हुशार आहे’ असं तुम्हाला म्हणायचं नसेल, तर ‘टू’ वापरू नका. ‘द शो वॉज टू गुड’ ही आपली खास दाद याच चाचणीत नापास होते. इंग्रजीत ‘टू गुड’च्या मागून बहुतेकदा ‘टू बी ट्रू’ येतं, आणि त्याचा अर्थ होतो: काहीतरी काळंबेरं असणार.

अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. ‘यू आर टू काइंड’ ही शुद्ध सौजन्याची भाषा आहे, तक्रार नव्हे. ‘ओन्ली टू हॅपी टू हेल्प’ म्हणजे मदत करायला एका पायावर तयार. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं. ब्रिटिश माणसाने तुमच्या कामाला ‘नॉट टू बॅड’ म्हटलं तर खट्टू होऊ नका, ती चांगली पावती असू शकते.

असाच एक फसवा जोड पुस्तकी इंग्रजीत आहे. ‘एक्सीडिंग्ली’ आणि ‘एक्सेसिव्हली’. दिसायला सख्खे भाऊ, पण पहिला ‘अत्यंत’ आणि दुसरा ‘वाजवीपेक्षा जास्त’. ‘एक्सीडिंग्ली पोलाइट’ माणूस अत्यंत सभ्य असतो. ‘एक्सेसिव्हली पोलाइट’ माणसाच्या सभ्यतेचा समोरच्याला जाच होऊ लागलेला असतो.

पायरी २: वस्तू जास्त की गुण जास्त?

हे पटकन उरकू. मोजता येतं ते जास्त असेल तर ‘टू मेनी’: टू मेनी मीटिंग्ज. मोजता येत नाही ते जास्त असेल तर ‘टू मच’: टू मच नॉइज. गुण जास्त असेल तर नुसता ‘टू’: टू लाउड. ‘टू मच कॉस्टली’, ‘टू मच हॉट’ ही वाक्यं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात आणि ती चूक आहेत. जोर द्यायचाच असेल तर शब्दांची अदलाबदल करा, ‘मच टू हॉट’ म्हणा. बोलण्यात ‘फार टू हॉट’ किंवा ‘वे टू हॉट’ जास्त चालतं. हा ‘फार’ इंग्रजी आहे, आपला नव्हे, पण अर्थ नेमका जुळतो.

पायरी ३: ‘ओव्हर’ कुठे चिकटतो, कुठे फसवतो

एका शब्दात अतिरेक सांगायचा सगळ्यात कामाचा मार्ग म्हणजे क्रियापदापुढे ‘ओव्हर’. ओव्हरईट, ओव्हरस्लीप, ओव्हरस्पेंड, ओव्हरवर्क, ओव्हरलोड, ओव्हरथिंक, ओव्हररिॲक्ट, ओव्हरएस्टिमेट. विशेषणांतही तसंच: ओव्हरक्राउडेड, ओव्हररेटेड, ओव्हरकॉन्फिडंट. यादी मोठी आहे आणि नवे शब्दही बनत राहतात.

पण याच दारातून काही भलतेच पाहुणे आत येतात. ‘ओव्हरलुक’ म्हणजे जास्त पाहणं नव्हे, उलट नजरेतून सुटणं. ‘ओव्हरसी’ म्हणजे देखरेख करणं. ‘ओव्हरहिअर’ म्हणजे आपल्यासाठी नसलेलं बोलणं कानावर पडणं. ‘ओव्हरकम’ म्हणजे मात करणं, ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागे टाकणं, ‘ओव्हररूल’ म्हणजे दुसऱ्याचा निर्णय फिरवणं. ‘ओव्हरसाइट’ तर दुतोंडी शब्द आहे. त्याचा एक अर्थ देखरेख आणि दुसरा नजरचूक. ‘ड्यू टू ॲन ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचुकीने, आणि ‘अंडर द ओव्हरसाइट ऑफ’ म्हणजे देखरेखीखाली.

ओळखायचं कसं? ‘ओव्हर’ काढून टाका आणि मागे ‘टू मच’ लावा. ओव्हरईट: ईट टू मच, जमलं. ओव्हरलुक: लुक टू मच, नाही जमलं. जिथे जमत नाही तिथे अतिरेकाचा अर्थ नाही. ही चाचणी बहुतेक ठिकाणी चालते. ‘ओव्हरस्टे’सारख्या शब्दात ‘टू मच’ऐवजी ‘टू लाँग’ घ्यावं लागतं, इतकंच.

आता मूळ शब्द, ‘ओव्हरडू’. हा हाताशी असेल तर निम्मं काम होतं, पण त्याच्या तीन खोड्या आहेत. एक, त्याला कर्म लागतं. नुसतं ‘डोन्ट ओव्हरडू’ अपुरं वाटतं. ‘डोन्ट ओव्हरडू इट’ म्हणा, किंवा काय ते सांगा: ‘शी ओव्हरडिड द मेकअप.’ दोन, त्याची रूपं ‘डू’सारखी चालतात: ओव्हरडिड, ओव्हरडन. तीन, ‘ओव्हरड्यू’ हा वेगळा शब्द आहे. त्याच्या शेवटी डी-यू-ई येतं आणि अर्थ होतो मुदत उलटून गेलेला. बिल ‘ओव्हरड्यू’ असतं, मेकअप ‘ओव्हरडन’ असतो. ‘ओव्हरईट’चं मात्र उलट आहे, त्याला कर्म आवडत नाही. ‘आय ओव्हरएट’ एवढंच पुरे. काय खाल्लं ते सांगायचंच असेल तर ‘आय एट टू मेनी बिस्किट्स’ असं सरळ सांगावं.

आपण घरात वापरतो ते दोन ‘ओव्हर’ इथेच निकालात काढू. ‘ओव्हरॲक्टिंग’ इंग्रजीत मुख्यतः नटाच्या कामाबद्दल बोलतात. कोणी एवढ्यातेवढ्यावरून आकांडतांडव करत असेल तर ‘ही इज ओव्हररिॲक्टिंग’, आणि दाखवण्यापुरतं करत असेल तर ‘ही इज बीइंग ड्रामॅटिक’. ‘ओव्हरस्मार्ट’ आपल्या बाजूला रुळलाय, पण बाहेर तो ऐकून लोक गोंधळतात. शिष्टपणे आगाऊ उत्तरं देणारा तो ‘स्मार्ट ॲलेक’. अतिशहाणपणाने स्वतःचंच नुकसान करून घेणारा, म्हणजे ज्याचा बैल रिकामा तो, ब्रिटिश बोलीत ‘टू क्लेव्हर बाय हाफ’.

पायरी ४: एकच वाक्य, आठ प्रसंग

‘त्याने अति केलं.’ हे एक वाक्य घ्या आणि ते वेगवेगळ्या प्रसंगांत टाकून पाहा. माझ्या मते हा विषय शिकायचा खरा मार्ग हाच आहे. शब्दांच्या याद्या पाठ करून काही हाती लागत नाही.

समजा त्याने वाढदिवसासाठी खोली सजवली आणि भिंत दिसेनाशी केली. हेतू चांगला होता, उत्साह आवरला नाही. इथे ‘ही वेंट ओव्हरबोर्ड विथ द डेकोरेशन्स.’ ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे जहाजाच्या कठड्यावरून थेट पाण्यात. चित्र डोळ्यापुढे आणा, म्हणजे शब्दाचा स्वभाव कळतो: हसू येतं, राग येत नाही. पुढे ‘विथ’ किंवा ‘ऑन’ येतं.

समजा तो मित्रांत चेष्टा करत होता आणि बोलता बोलता कोणाच्या आजारपणावर घसरला. इथे ‘ओव्हरबोर्ड’ अजिबात चालणार नाही. ‘ही वेंट टू फार’, किंवा आणखी कडक म्हणजे ‘ही क्रॉस्ड द लाइन’. यात नैतिक दोष आहे. आपण ‘हद्द केली’ म्हणतो तेच, आणि चित्रही तेच. अधिकाराची मर्यादा ओलांडली असेल, म्हणजे साहेबाला न विचारता परस्पर निर्णय घेतला असेल, तर ‘ही ओव्हरस्टेप्ड’.

समजा तो गाताना किंवा गोष्ट सांगताना रंगला आणि वेळेचं भान सुटलं. ‘ही गॉट कॅरिड अवे.’ याला मराठीत हुबेहूब जोड आहे: वाहवत गेला. यात दोष जवळजवळ नाहीच. म्हणून माफी मागायला हा शब्द सगळ्यात सोयीचा. ‘सॉरी, आय गॉट अ बिट कॅरिड अवे’ म्हटलं की समोरचा हसतो आणि विषय मिटतो.

समजा त्याने वरिष्ठांची स्तुती केली, आणि ती इतकी की ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. ‘ही लेड इट ऑन थिक.’ थर जाड दिला. जुन्या रूपात ‘विथ अ ट्रॉवेल’ म्हणतात, म्हणजे गवंड्याच्या थापीने. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्येही हे थापीचं बोलणं आहे. सहानुभूतीसाठी दुखण्याचं रडगाणं चालवलं असेल तर ‘ही इज मिल्किंग इट’, दूध काढत राहिलाय.

पाचवा प्रसंग: एका डासासाठी घरभर फवारणी, दोन ओळींच्या निरोपासाठी चाळीस पानांचं सादरीकरण. ‘दॅट्स ओव्हरकिल.’ हा शब्द अण्वस्त्रांच्या स्पर्धेच्या काळात रुळला. शत्रूला एकदा नष्ट करायला पुरेल त्याच्या कितीतरी पट शस्त्रसाठा असणं, हा त्याचा अर्थ. आज तो कचेरीत रोज वापरतात आणि कोणाला मूळ आठवत नाही. लक्षात ठेवायचं ते हे, की ‘ओव्हरकिल’मध्ये बोट साधनाकडे असतं. काम होतं, पण साधन कामाच्या मानाने अवाढव्य.

सहावा: कपडे, अभिनय, प्रतिक्रिया, सगळंच भडक. ‘इट वॉज ओव्हर द टॉप.’ पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ च्या खंदकांच्या लढाईत, सैनिक खंदकाच्या कडेवरून चढून हल्ल्याला बाहेर पडत, त्याला ‘गोइंग ओव्हर द टॉप’ म्हणत. पुढे बोलीत भडकपणासाठी हा शब्द स्थिरावला आणि ब्रिटनमध्ये त्याचं ‘ओ-टी-टी’ असं लघुरूप झालं. तेव्हा ‘हर ड्रेस वॉज अ बिट ओटीटी’ असं वाचलंत तर त्या ड्रेसचा मालिकांच्या ॲपशी संबंध लावू नका. अक्षरं तीच आणि पूर्ण रूपही तेच, पण ॲपच्या बाबतीत ते केबल-डिशच्या व्यवस्थेला वळसा घालून इंटरनेटवरून येण्याबद्दल आहे.

सातवा प्रसंग मला स्वतःला फार जवळचा आहे. लेख पूर्ण झालेला असतो, चांगला झालेला असतो, आणि तरी हात राहवत नाही. आणखी एक विशेषण, आणखी एक उपमा. ‘गिल्डिंग द लिली’, लिलीच्या फुलाला सोन्याचा मुलामा. या वाक्प्रचारात एक गोड चूक दडली आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात मूळ शब्द आहेत: शुद्ध सोन्याला मुलामा देणं आणि लिलीला रंग लावणं. लोकांनी दोन्ही एकत्र करून लिलीलाच मुलामा दिला, आणि आज तेच बरोबर मानलं जातं.

आठवा: मुद्दा पटलेला आहे, तरी तो सांगतोच आहे. आपण म्हणतो चऱ्हाट लावलंय, गुऱ्हाळ चालू आहे. ‘ही इज लेबरिंग द पॉइंट.’ आणि क्षुल्लक गोष्टीचा बाऊ केला असेल तर ‘ब्लोइंग इट आउट ऑफ प्रपोर्शन’. आपण राईचा पर्वत करतो, ते मोल नावाच्या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाचा करतात: ‘मेकिंग अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल’.

पायरी ५: खाणं, खर्च आणि सवय

या घरात शब्दांचा सुकाळ आहे आणि प्रत्येकाची चव वेगळी. सगळ्यात सभ्य ‘ओव्हरइंडल्ज’. ‘आय ओव्हरइंडल्ज्ड लास्ट नाइट’ म्हटलं की खाणं की पिणं हे गुलदस्त्यात राहतं, आणि तीच त्याची सोय. ‘गॉर्ज’ म्हणजे अधाशासारखं ठासून खाणं. ‘पिग आउट’ मित्रांत चालतं, लेखात नाही. ‘वुल्फ डाउन’ मात्र इथला नाही. लांडग्यासारखं गिळणं हा वेगाचा शब्द आहे, प्रमाणाचा नव्हे. एकच घास असला तरी तो ‘वुल्फ डाउन’ करता येतो.

‘बिंज’ची कथा सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या बोलींत त्याचा अर्थ भिजवणं, मुरवणं असा होता. त्यावरून दारूत मुरणं, मग एका बैठकीत अमाप पिणं किंवा खाणं. पुढे एकामागून एक भाग पाहत बसण्याला ‘बिंज-वॉच’ म्हणू लागले आणि कॉलिन्स कोशाने २०१५ साली तोच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. या प्रवासात शब्दाची धार बोथट झाली. ‘आय बिंज्ड द होल सीझन’ लोक हसत सांगतात. पण खाण्यापिण्याबद्दल बोलताना तो अजून गंभीर आहे, ‘बिंज ईटिंग’ हे एका आजाराच्या नावातही येतं. तेव्हा कोणाच्या खाण्याबद्दल तो गमतीत वापरू नका.

पैशात ‘स्प्लर्ज’ आणि ‘स्क्वॉन्डर’ ही दोन टोकं धरा. ‘स्प्लर्ज ऑन’ म्हणजे एकदाच, मनापासून, हात सैल सोडून केलेला खर्च, त्यात थोडा आनंदही असतो. ‘स्क्वॉन्डर’ म्हणजे उधळपट्टी, वाया घालवणं. पैसा, वेळ, संधी काहीही ‘स्क्वॉन्डर’ होतं आणि प्रत्येक वेळी दोष असतो. ‘स्प्री’ मधलाच, खरेदीची झिंग: ‘शॉपिंग स्प्री’.

सवयीच्या अतिरेकाला ‘-हॉलिक’चं शेपूट आहे. ‘वर्कहॉलिक’ हा शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेन ओट्स यांचा मानला जातो. त्यांच्या १९७१ च्या पुस्तकाने तो घरोघर पोचवला. व्याकरणाच्या दृष्टीने हे तोडकाम चुकीचंच आहे. ‘अल्कोहोलिक’मध्ये शब्द ‘अल्कोहोल’ आणि प्रत्यय ‘-इक’, पण लोकांनी मधूनच कुऱ्हाड घातली. त्या तुकड्यावर पुढे ‘शॉपहॉलिक’, ‘चॉकोहॉलिक’ उभे राहिले.

‘सरफिट’ हा शब्द जुना, पण माझा लाडका. त्याची फ्रेंच फोड केली तर ‘वर’ आणि ‘करणे’, म्हणजे थेट आपलं ‘ओव्हर करणं’! इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ११३५ साली वारला, तो लॅम्प्रे नावाचे सापासारखे लांबट मासे खाऊन, असं त्या काळच्या इतिवृत्तात आहे, आणि ‘अ सरफिट ऑफ लॅम्प्रीज’ हे शब्द त्याच्या नावाला कायमचे चिकटले. आज बाजारात माल तुंबला तर ‘ग्लट’ म्हणतात. ‘सरफिट’ लिखाणात शोभतो, बोलताना नाटकी वाटतो.

पायरी ६: अर्ज-अहवालातली विशेषणं

इथे लोक कोश उघडतात आणि पहिला भारदस्त शब्द उचलतात. तसं करण्याआधी एक गोष्ट पाहा. अतिरेकाचे हे लॅटिन वळणाचे शब्द बहुतांशी दोन चित्रांतून निघालेत. एक चित्र वाट सोडण्याचं. ‘एक्झॉर्बिटंट’ म्हणजे चाकोरीबाहेर गेलेलं, अगदी चाकाच्या चाकोरीतून. ‘एक्स्ट्रॅव्हगंट’ म्हणजे बाहेर भटकलेलं. खुद्द ‘एक्सेस’ म्हणजे बाहेर पडणं. दुसरं चित्र उतू जाण्याचं. ‘प्रोफ्यूज’ म्हणजे भरभरून ओतलेलं, ‘सुपरफ्लुअस’ म्हणजे वरून वाहून गेलेलं, आणि ‘लॅव्हिश’च्या मागे जुन्या फ्रेंचमधला मुसळधार पावसाचा शब्द आहे. आपल्याकडेही हीच दोन चित्रं आहेत: एकीकडे हद्द ओलांडणं, ताळ सोडणं, दुसरीकडे ऊत येणं, वाहवत जाणं. आणि माझा अनुभव असा, की वाट सोडणाऱ्या शब्दांत दोष जास्त असतो, उतू जाणाऱ्यांत कमी. ‘लॅव्हिश गिफ्ट’ घेणारा खूश होतो, ‘एक्स्ट्रॅव्हगंट गिफ्ट’ पाहून भुवया उंचावतात.

पुढची अडचण म्हणजे या शब्दांचे सोबती ठरलेले असतात. ‘एक्झॉर्बिटंट’ पैशाशी बांधलेला: प्राइस, फी, रेंट. ‘एक्झॉर्बिटंट नॉइज’ कोणी म्हणत नाही. ‘एक्सेसिव्ह’ सगळ्यात मोकळा: फोर्स, नॉइज, स्पीड, हीट. ‘इनऑर्डिनेट’ची जोडी ‘अमाउंट ऑफ टाइम’शी, तक्रारीच्या पत्रात तो चपखल बसतो. ‘अनड्यू’ म्हणजे अवाजवी: अनड्यू प्रेशर, अनड्यू डिले. ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ ही तर करार-कायद्यातली पक्की संज्ञा आहे, तिथे शब्द बदलून चालत नाही. ‘प्रोफ्यूज’ घामाला, रक्तस्रावाला आणि माफीला लागतो: ‘ही अपॉलोजाइज्ड प्रोफ्यूजली.’ सद्गुणाचा अतिरेक सांगायला विशेषणामागे ‘टू अ फॉल्ट’ लावा. ‘शी इज ऑनेस्ट टू अ फॉल्ट’, नको इतकी प्रामाणिक.

एक शब्द मात्र मी वापरतच नाही: ‘फुलसम’. त्याचा मूळ अर्थ भरपूर, मग शतकानुशतकं तो ओशट, खोट्या स्तुतीसाठी राहिला, आणि हल्ली पुन्हा ‘भरघोस’ या अर्थाने दिसतो. ‘फुलसम प्रेझ’ लिहिलंत तर निम्मे वाचक त्याला कौतुक समजतील आणि निम्मे टोमणा.

आणि ‘ओव्हरस्टेट’चा सापळा. ‘इट्स इम्पॉर्टन्स कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड’ म्हणजे महत्त्व कितीही वाढवून सांगितलं तरी ती अतिशयोक्ती होणार नाही, इतकं ते मोठं. घाईत लोक ‘अंडरस्टेटेड’ लिहितात आणि अर्थ उलटा होतो. शंका आली तर वाक्यच बदला, ‘इट इज हायली इम्पॉर्टन्ट’ लिहून मोकळे व्हा.

पायरी ७: समोरच्याला ‘आवरा’ कसं सांगायचं

अतिरेक झाला हे कळवणं वेगळं, आणि तो कमी करायला सांगणं वेगळं. दुसरं काम नाजूक. इंग्रजीत त्यासाठी टीकेच्या आधी एक छोटा गालिचा अंथरतात: ‘अ बिट’, ‘स्लाइटली’, ‘परहॅप्स’. ‘इट्स टू मच’ हे तोंडावर मारल्यासारखं लागतं. ‘इट्स अ बिट मच’ तेच सांगतं, पण जखम करत नाही. यात ‘टू’ नाही हे पाहिलंत? तरी अर्थ ‘नको इतकं’ असाच.

मग क्रियापद. रंग, भाषा, आवाज यांचा भडकपणा उतरवायला ‘टोन इट डाउन’. खर्चाला किंवा माणसाच्या मोकाट उत्साहाला ‘रेन इन’, म्हणजे शब्दशः लगाम खेचणं. सवय कमी करायला ‘कट डाउन ऑन’. पदार्थ किंवा माणूस, कशाहीबाबत हात राखून वागायला ‘गो ईझी ऑन’: ‘गो ईझी ऑन द सॉल्ट’, ‘गो ईझी ऑन हिम, ही इज न्यू’. ‘डोन्ट ओव्हरडू इट’ हा बहुतेकदा काळजीचा शब्द असतो, आजारातून उठलेल्या माणसाला म्हणतात तसा. तो रागावून म्हणायचा शब्द नव्हे.

सरावासाठी आपलाच एखादा जुना ईमेल काढा, त्यातला प्रत्येक ‘टू’, ‘टू मच’ आणि ‘ओव्हर’ अधोरेखित करा आणि वरच्या क्रमाने एकेकाला उलटतपासणीला घ्या. मी त्या मुखपृष्ठाचा ईमेल असाच काढला होता. चौकट आवडली होती, तक्रार फक्त सोनेरी छटेची आणि सावलीची होती, आणि डिझायनरचा उत्साह खरा होता, म्हणून ‘टू फार’ वगैरे कठोर काही नको होतं. ‘ओव्हरकिल’ नेमका होता, पण अनोळखी माणसाला पहिल्याच पत्रात तो लागला असता. शेवटी जे वाक्य पाठवलं ते असं: ‘वी लव्ह द फ्रेम. द गोल्ड अँड द शॅडो टुगेदर आर अ बिट मच. कुड यू टोन देम डाउन?’ दुसऱ्या दिवशी नवं मुखपृष्ठ आलं. सावली गेली होती आणि सोनं फक्त शीर्षकाच्या अक्षरांवर उरलं होतं.